ज्वारीतले लोह मोजायचे कसे?

नांदेड-लातूरकडच्या ताटात ज्वारीची भाकरी हवीच. भाकरीने अंगात ताकद येते, असे आपले वडीलधारे सांगत आले. मी भौतिकशास्त्राचा शिक्षक, त्यामुळे माझा प्रश्न जरा वेगळा: या ज्वारीत रक्ताला लागणारे लोह आहे तरी किती?

नेहमीच्या पद्धतीत दाणे दळून तीव्र आम्लात विरघळवतात आणि द्रावणातले लोह मोजतात. मोजणी अचूक होते, पण वेळ व पैसा लागतो आणि दाणेही संपतात. नवे वाण शोधताना तर हजारो नमुने तपासायचे असतात. तिथे क्ष-किरण प्रतिदीप्तीचे तंत्र कामी येते.

दाण्यावर क्ष-किरण सोडले की अणूच्या आतल्या कक्षेतला एखादा इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. त्याच्या जागी वरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उतरतो आणि उरलेली ऊर्जा नव्या क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडते. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते. लोहाची ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, तर जस्ताची ८.६. ऊर्जेचा हा नियमित क्रम मोस्ले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये दाखवून दिला. ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखायचे आणि किरणांच्या संख्येवरून त्याचे प्रमाण काढायचे. काही मिनिटांत आकडा हाती येतो आणि तेच दाणे पुन्हा पेरता येतात!

हैदराबादजवळच्या पतंचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत ज्वारी-बाजरीतले लोह व जस्त या तंत्राने तपासतात. याच संस्थेच्या सहकार्याने परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण दिले. त्यात किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असते. नेहमीच्या ज्वारीत हे आकडे ३० आणि २०च्या आसपास असतात.

मात्र एक सावधगिरी हवी. आपल्या काळ्या मातीतही लोह असते. खळ्यावरची धूळ दाण्याला चिकटलेली असेल, तर यंत्र तिचेही लोह मोजते. दाण्यातले कोणते आणि धुळीतले कोणते, हे त्याला कळत नाही. म्हणून नमुना स्वच्छ हवा आणि महत्त्वाचे आकडे आम्लाच्या पद्धतीने पडताळून घ्यायला हवेत.

शिवाय दाण्यातले सगळेच लोह अंगी लागत नाही. धान्यातले फायटेट ते अडवून धरते. लिंबातले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते, जेवणावरचा चहा त्यात खोडा घालतो. तेव्हा भाकरीसोबत लिंबाची फोड असू द्यावी आणि चहा थोडा उशिरा घ्यावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)