स्वप्नातील महापूर : प्रतीक आणि द्रष्टा

स्वप्नातील प्रतीकांचे अर्थ कोशातल्याप्रमाणे ठरीव असतात, असा समज समीक्षेतही अधूनमधून आढळतो. फ्रॉइडने स्वप्नातील पाण्याचा संबंध जन्माशी जोडला. तेव्हापासून पूर दिसला की तोच अर्थ लावण्याचा मोह होतो.

या संदर्भात जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याचे स्वप्न विचारात घेण्याजोगे आहे. मीन राशीतील ग्रहयुतीमुळे १५२४ मध्ये जलप्रलय होणार, असे भाकीत युरोपात पसरले होते. ते वर्ष सरले. प्रलय आला नाही. १५२५ मध्ये जर्मनीत शेतकऱ्यांचे बंड उसळले, आणि त्याच वर्षी जूनमधील एका रात्री ड्यूररला आकाशातून कोसळणारे पाण्याचे लोट स्वप्नात दिसले. सकाळी उठून त्याने ते दृश्य जलरंगांत चितारले व खाली हकीकत लिहिली : पहिला लोट सुमारे चार मैलांवर प्रचंड आवाज करीत आदळला, पुढचे काही दूर, काही जवळ पडले, फार उंचावरून येत असल्यामुळे ते संथ भासत होते, जाग आली तेव्हा अंग थरथरत होते.

या टिपणात अर्थ कोठेच सांगितलेला नाही. अंतर, वेग, नाद आणि भय यांची मात्र काटेकोर नोंद आहे, आणि शेवटी ईश्वराने सारे शुभ करावे एवढीच प्रार्थना. स्वप्नामागे भाकिताची किंवा बंडाची छाया असेलही. परंतु तो तर्क आपला, ड्यूररचा नव्हे.

काव्यातील पुराचा विचार करतानाही पाहणारा पाण्यापासून किती अंतरावर उभा आहे, हे आधी पाहावे. ते न पाहता लावलेला अर्थ कवीचा नसून टीकाकाराचाच असतो.