‘राहणे’ आणि ‘जाऊन येणे’ : पर्यटन-व्हिसाच्या अर्जातील मराठी

परदेशी स्थायिक झालेल्या मुलाबाळांकडे काही आठवडे जाऊन यावे, ही महाराष्ट्रातील वृद्ध मातापित्यांची इच्छा आता नवलाची राहिलेली नाही. ही इच्छा सफळ होणे न होणे मात्र पुष्कळदा एका अल्पशा संभाषणावर अवलंबून असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपुरते बोलावयाचे तर हे संभाषण वकिलातीच्या खिडकीपाशी होते आणि बहुधा काही मिनिटांतच संपते. मुले परदेशातून अर्ज भरून देतात, कागदपत्रे जुळवितात, शुल्काचा भरणा करतात. पण आईवडील तेथे कोणत्या भाषेत बोलतील आणि त्या भाषेचा अर्थ कसा लावला जाईल, याचा विचार क्वचितच होतो. हा विचार भाषाभ्यासकाच्या कक्षेतील असल्यामुळे त्याची थोडी मांडणी येथे करावयाची आहे.

१. कायद्याचे गृहीतक

या व्यवहाराचा पाया म्हणजे अमेरिकेचा १९५२ चा स्थलांतर व नागरिकत्वविषयक कायदा. त्यातील कलम २१४ (बी) अन्वये व्हिसाचा अर्जदार हा कायम वास्तव्यासाठीच येत आहे असे प्रथम गृहीत धरावयाचे असते, आणि ते खरे नाही हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. आपल्या देशात आपले घर आहे, ते सोडून देण्याचा आपला हेतू नाही आणि आपले जाणे तात्पुरते आहे, एवढे त्याने अधिकाऱ्याच्या मनात ठसवावे लागते.

भाषाशास्त्रात आपण ज्याला पूर्वगृहीत म्हणतो त्याहून हे गृहीतक निराळे आहे. संभाषणातील पूर्वगृहीत दोन्ही पक्षांना मान्य असते. म्हणूनच ते न उच्चारता चालते. येथे एका पक्षाचे गृहीतक दुसऱ्यास ठाऊकच नसते. आपण परत येणार ही गोष्ट आईच्या दृष्टीने इतकी उघड असते की ती सांगावी असे तिला वाटत नाही. अधिकाऱ्याच्या दृष्टीने सांगावयाची गोष्ट तेवढीच असते.

२. एक अनुभव

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या मातोश्रींनी कन्येकडे जाण्यासाठी असा अर्ज केला होता. “किती दिवस राहणार?” या प्रश्नास त्यांनी उत्तर दिले, “लेक म्हणेल तितके दिवस.” “इथे घरी कोण असते?” असे विचारताच त्या म्हणाल्या, “हे गेल्यापासून इथे आता माझे कोण आहे?” हे उद्गार काढणाऱ्या स्त्रीचा मुलगा त्या वेळी बाहेर रस्त्यावर तिची वाट पाहत उभा होता, आणि गेली वीस वर्षे तो तिच्यासह एकाच घरात राहत होता! अर्ज नामंजूर झाला. नामंजुरीचे कारण केवळ भाषा होती असा दावा करता येणार नाही. आणि दोष द्यावयाचा झाला तर तो आमच्या तयारीलाच द्यावा लागेल. कागदांची फाइल आम्ही तीनदा तपासली होती. आईशी मात्र एकदाही बोललो नव्हतो.

ही दोन्ही उत्तरे मराठी घरात निर्दोष आहेत. पहिल्यात लेकीच्या संसारात आपला हट्ट चालवू नये ही मर्यादा आहे. दुसऱ्यात वैधव्याचे दुःख आहे. त्यात माणसांची गणती नाही. परंतु प्रश्नोत्तरांच्या चौकटीत पहिल्या उत्तराचा अर्थ ‘मुदत अनिश्चित’ असा होतो आणि दुसऱ्याचा ‘परतण्यास कारण नाही’ असा.

३. तीन स्थळे

अशा अनर्थाची तीन स्थळे विशेष लक्षात घेण्याजोगी आहेत.

(अ) ‘राहणे’ हे क्रियापद. मराठीत वस्ती करणे आणि मुक्काम करणे या दोहोंसाठी हा एकच धातू चालतो. ‘मी पुण्याला राहते’ आणि ‘मी लेकीकडे महिनाभर राहिले’ यांतील भेद संदर्भाने कळतो. ‘मी आता मुलाकडे राहणार’ या वाक्यात मात्र तो कळत नाही, आणि इंग्रजीत भाषांतर करताना दोन शब्दांपैकी एकाची निवड करावीच लागते. मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत मराठीतूनही देता येते; तथापि निर्णय घेणाऱ्याच्या मनात तिचे इंग्रजी रूप उभे राहतेच. जे अर्जदार इंग्रजीतून बोलतात, तेही मराठी वाक्य मनात जुळवून वस्तीचा शब्द मुक्कामासाठी वापरतात. संयुक्त क्रियापद हा यावरचा मराठीतलाच उपाय आहे : ‘सहा आठवडे राहून येणार आहे’. ‘येणे’ या सहायकाने परतीचा अर्थ वाक्यातच बांधला जातो.

(आ) भविष्यकाळाची रूपे. ‘राहीन’ आणि ‘राहणार आहे’ यांत मराठी माणूस सहज भेद करतो. पहिल्यात संभाव्यता किंवा तयारी व्यक्त होते, दुसऱ्यात ठरलेला बेत. वडीलधारी मंडळी स्वतःविषयी बोलताना पहिले रूप पसंत करतात. त्यात नम्रता आहे. ‘बघू’, ‘जमेल तसे’, ‘देवाची इच्छा’ ही त्याचीच भावंडे. ज्या ठिकाणी हेतूच तपासला जातो, त्या ठिकाणी ही नम्रता अनिश्चितता ठरते.

(इ) नात्यांचे शब्द व नावे. डीएस-१६० या अर्जात अमेरिकेतील निकटच्या नातेवाइकांविषयी प्रश्न आहे. तेथे पती वा पत्नी, नियोजित वधू वा वर, मुले आणि भावंडे एवढीच नाती अभिप्रेत असतात. मराठीत ‘भाऊ’ म्हटला की चुलत, आते, मामे, मावस असे सर्वच येतात. तेव्हा प्रश्नाचे भाषांतर केवळ ‘जवळचे नातेवाईक’ असे करून भागत नाही. नावांचेही तसेच. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही आपली त्रिपदी पारपत्रावर दोनच रकान्यांत बसविलेली असते. अर्जात नाव पारपत्राप्रमाणेच लिहावयाचे असते. पूर्वी वापरलेली अन्य नावे कोणती, असाही प्रश्न असतो. लग्नानंतर नाव व आडनाव दोन्ही बदललेल्या स्त्रीने तेथे माहेरचे नाव नोंदवावयास हवे. कित्येक मुलांना आईचे माहेरचे पूर्ण नाव या निमित्ताने प्रथमच विचारावे लागते.

४. कोणाचे शब्द?

अर्ज दुसऱ्याने भरून दिल्यास तसे नमूद करण्याची सोय अर्जातच आहे. पण त्यावरील इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी अर्जदाराचीच असावी लागते. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून उच्चार हीच कृती कशी ठरते याची चर्चा आपण करीत आलो आहोत. स्वाक्षरी ही अशीच कृती होय. मुलाने लिहिलेले शब्द तिच्यामुळे आईचे होतात, आणि उत्तरदायित्वही तिचे होते. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितल्यास पुढील प्रवेश कायमचा बंद होऊ शकतो. उलट कलम २१४ (बी) खालील नकार कायमचा नसतो. त्यावर अपील नाही व भरलेले शुल्क परत मिळत नाही. परंतु पुन्हा अर्ज करता येतो.

निमंत्रणपत्र आणि मुलाचे आर्थिक हमीचे प्रतिज्ञापत्र यांवर आपल्याकडे फार भिस्त ठेवली जाते. वस्तुतः पर्यटन-व्हिसासाठी ही पत्रे आवश्यक नाहीत. पाहिली जाते ती मुख्यत्वे अर्जदाराची स्वतःची परिस्थिती. अर्थात येथेही वजन पडते ते आईच्या बोलण्याचे. ७९ वर्षांवरील अर्जदारांना पूर्वी मुलाखतीतून सामान्यतः सूट मिळत असे. सप्टेंबर २०२५ पासून तीही राहिलेली नाही.

आणखी एक अर्थभ्रम नोंदविला पाहिजे. ‘दहा वर्षांचा व्हिसा मिळाला’ या वाक्यातील दहा वर्षे ही प्रवास करण्याच्या मुभेची मुदत आहे, मुक्कामाची नव्हे. प्रत्येक खेपेस किती दिवस थांबता येईल हे प्रवेशस्थानावरील अधिकारी ठरवितो, आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. सामान्यतः ही मुदत सहा महिन्यांची असते.

५. मदतीचे स्वरूप

तर मग मुलांनी मदत कशी करावी? उत्तरे पाठ करून घेणे हा मार्ग नव्हे. पाठ केलेले वाक्य प्रश्न थोडा बदलताच कोसळते, शिवाय ते आईचे राहत नाही. अधिकारी काय गृहीत धरून बसला आहे हे तिला प्रथम समजावून सांगावे. मग तिलाच विचारावे : केव्हा निघणार, केव्हा परतणार, परत येऊन काय करावयाचे आहे, मागे घर कोण सांभाळणार? उत्तरे तिच्या आयुष्यातच असतात. अर्जातील मजकूर तिला मराठीतून वाचून दाखवावा व मगच तिची स्वाक्षरी घ्यावी. प्रसूत झालेल्या लेकीकडे जावयाचे असल्यास तेही सरळ सांगावे; मात्र ‘मूल सांभाळायला’ या शब्दांतून नोकरीचा अर्थ निघू शकतो, ‘लेकीला व नातवाला भेटायला’ यांतून तो निघत नाही, हा भेद तिला दाखवून द्यावा. ती तेथे मुख्यतः मूल सांभाळण्यासाठीच जात असेल, तर मात्र शब्द बदलून वस्तुस्थिती झाकू नये.

या सर्व विवेचनाची मर्यादा हीच आहे. असलेला हेतू स्पष्ट करण्यासाठी भाषेचे ज्ञान वापरावे. नसलेला हेतू उभा करण्यासाठी नव्हे. आईला खरोखरच तेथे कायम राहावयाचे असेल, तर वयाची २१ वर्षे पूर्ण झालेल्या अमेरिकन नागरिक मुलाने तिच्यासाठी रीतसर निराळा अर्ज करणे हा त्याचा मार्ग आहे.

दुसऱ्या वर्षी मातोश्रींनी पुन्हा अर्ज केला. काय सांगणार, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “गौरी-गणपतीच्या आत जाऊन येते, असे सांगेन. घरच्या गौरी मीच उभ्या करते.” आम्ही त्यात एका शब्दाचीही भर घातली नाही. व्हिसा मिळाला. निरोप घेताना ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणण्याची आपली रीत आहे. विमानतळाच्या दारातही त्या ‘येते’ एवढेच म्हणाल्या, आणि ठरल्या दिवशी परत आल्या.