दीर्घिकेचा पाझर आटतो तेव्हा

मराठीत गॅलेक्सीला 'दीर्घिका' म्हणतात आणि संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळं. किती नेमका शब्द! या तळ्यात पाण्याच्या जागी हायड्रोजन असतो. तो थंड होऊन आकसला की तारे जन्मतात, संपला की नवे तारे बंद. संत नामदेवांच्या नरसीत, कयाधूकाठच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. विहिरीत आज पाणी किती यापेक्षा पाझर चालू आहे का, हे तो आधी बघतो.

या पाझराचा हिशेब मांडला तो महाराष्ट्रातल्याच दुर्बिणीने. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटरची रेडिओलहर सोडतो, पण आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या एकेका दीर्घिकेची लहर फारच क्षीण. लांबून एक टाळ ऐकू येत नाही, दिंडी येते! म्हणून पुण्याच्या एनसीआरए आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र केले. २०२०मध्ये निष्कर्ष आला: आठ अब्ज वर्षांपूर्वी वायू भरपूर होता, पण ताऱ्यांसाठीचा उपसा इतका जबर की साठा एक-दोन अब्ज वर्षांतच संपावा. बाहेरून येणारा नवा वायू पुरा पडला नाही. विश्वातली ताऱ्यांची पैदास तेव्हापासून घटत गेली ती बहुधा यामुळेच.

मेलेल्या, म्हणजे नवे तारे बंद झालेल्या, दीर्घिकेचा पंचनामाही करता येतो. पुरावा असतो धातूंचा. (खगोलशास्त्रात हेलियमहून जड ते सगळे धातू, अगदी ऑक्सिजनसुद्धा!) आवक थांबली की उरलेल्या वायूतून घडणाऱ्या ताऱ्यांत धातू वाढत जातात. २०१५मध्ये शास्त्रज्ञांनी सुमारे २६,००० दीर्घिका तपासल्या, तेव्हा मृत दीर्घिका जिवंत दीर्घिकांपेक्षा धातूंनी समृद्ध निघाल्या. धातू असे साठायला वेळ लागतो; म्हणजे बहुतेकींचा मृत्यू सावकाश, जवळपास चार अब्ज वर्षं चाललेला.

काहींची मात्र उफणणी होते. ईएसओ १३७-००१ ही दीर्घिका तिच्या दीर्घिकासमूहातल्या तप्त वायूतून धावते आहे. दाण्यांसारखे तारे जागेवर राहतात, वायू भुशासारखा मागे उडतो. ते शेपूट २,६०,००० प्रकाशवर्षं लांब आहे आणि त्यातही नवे तारे जन्मतात!

काही महाकाय कृष्णविवरं तर वायूला थंडच होऊ देत नाहीत. ३९ कोटी प्रकाशवर्षांवरच्या भुजंगधारी दीर्घिकासमूहात एका कृष्णविवराच्या स्फोटाने वायूत पाडलेल्या पोकळीत आपल्या आकाशगंगेएवढ्या १५ दीर्घिका ओळीने मावतील. ती ओळखण्यातही जीएमआरटीचा वाटा होता.

आणि आपली आकाशगंगा? वर्षाला एक-दोन सूर्यांएवढ्या वायूचे तारे अजून घडवते. हिवाळ्यात नरसीच्या अंधाऱ्या शिवारातून मृगातला तीन ताऱ्यांचा बाण शोधा. त्याच्या खाली जो धूसर ठिपका दिसतो, तिथे आत्ता तारे जन्मताहेत.