जुन्या सुती फडक्याची लायकी

नाशिकची मिसळ म्हटली की मोड आलेली मटकी आली, आणि मटकीला मोड आणायला ओले सुती फडके लागते. तसलेच फडके धुऊन वाळवले की श्रीखंडाचा चक्का बांधायला येते, उन्हाळ्यात कुरडयांसाठी गव्हाचा चीक गाळते, शिकेकाई वस्त्रगाळ करते आणि लोणच्याच्या बरणीवर दादरा म्हणून बसते. एवढी कामे करणारे फडके विकत आणलेल्या नव्या मलमलीपेक्षा घरातल्या विरत आलेल्या धोतराचे किंवा लुगड्याचे असावे, असे माझे ठाम मत आहे. कारण वापरात दडलेले आहे. नाशिक जिल्ह्यातच मालेगावच्या यंत्रमागांवर कोरे कापड निघते. मागावर ताणाचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ दिलेली असते. खळीचा धागा ताठ राहतो आणि पाणी पटकन धरत नाही. धुण्यावर धुणी पडली की खळ जाते, धाग्यातले तंतू सुटे होऊन पिंजारतात आणि विणीतली भोके बारीक होतात. कापड मऊ होते तशी त्याची गाळण्याची ताकद वाढते.

याला भक्कम पुरावा आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या 65 गावांमध्ये जुन्या सुती साडीच्या घडीतून पिण्याचे पाणी गाळायला लावले. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथला कॉलरा 48 टक्क्यांनी घटला, कारण कॉलऱ्याचे जंतू ज्या सूक्ष्म जिवांना चिकटून असतात ते जीव घडीत अडकतात. आपल्याकडचा नारू रोगही पाणी गाळून प्यायल्याने हटायला मोठी मदत झाली. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. मात्र सुटा जंतू कापडातून पार जातो, म्हणून पाणी उकळण्याला हा पर्याय नाही.

स्टीलची बारीक गाळणी असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. चहाला गाळणीच बरी. पण गाळणीत दह्याचा गोळा तळाशी बसून भोके बुजवतो. पुरचुंडी टांगली की पाणी चहूबाजूंनी पाझरते, शिवाय सुती धागा स्वतः ओलावा ओढून घेतो. झाकणाच्या डब्यात मटकी घामेजते, फडक्यात तिला ओल आणि हवा दोन्ही मिळतात. अस्वच्छतेचा आक्षेप मात्र खरा आहे. ओलसर फडके कोपऱ्यात पडले की आंबूस वास धरते, आणि दह्याचे फडके मसाल्याला वापरले तर दोन्ही बिघडतात. तेव्हा चक्क्याचे वेगळे ठेवा, वापरल्याबरोबर आधी गार पाण्यात खळबळा, मग उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा. सुवासिक साबण लावू नका. जुने सुती घरात नसेल तर मलमल आणा, दोनदा उकळून खळ काढा आणि मगच दही बांधा. पॉलिस्टरची जुनी साडी मात्र या कामाला घेऊ नका.