लाखेचे झाले लॅकर

वाशी-नेरूळपासून खारघरपर्यंत नव्या घराचे फर्निचर सुरू झाले, की सुतार हमखास विचारतो, ‘पॉलिश कोणते? मेलामाइन, पीयू की लॅकर?’ स्वयंपाकघरातील कपाटांना ‘लॅकर ग्लास’ सुचवली जाते, ती वेगळीच. या लॅकरमध्ये लाख किती असते? बहुधा अजिबात नसते. शब्द मात्र आपल्याच लाखेचा. संस्कृत ‘लाक्षा’ फारसी, अरबी, पोर्तुगीज अशा वळणांनी युरोपात पोहोचली आणि ‘लॅकर’ होऊन परतली, तेव्हा आतला पदार्थ बदललेला होता.

खरी लाख हा कीटकांचा स्राव आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे सूक्ष्म कीटक रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखे कवच तयार करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून पातळ पापुद्रे केले की ‘चपडा’ लाख मिळते. धुताना निघणाऱ्या तांबड्या रंगापासून अळता होत असे. अथर्ववेदात लाक्षेवर सूक्त आहे. लाख चटकन पेटते, म्हणूनच पांडवांसाठी लाक्षागृह रचले गेले.

पाकिटावरची मोहोर, बांगड्या, ७८ फेऱ्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका, औषधी गोळ्यांचे आवरण असा लाखेचा पसारा मोठा. कोल्हापुरी साजाच्या पोकळ मण्यांतही लाख भरतात. साज मोडताना तिचे वजन सोन्यातून वजा होते. हे खरेदीच्या वेळीच विचारून घेतलेले बरे.

लाखकामासाठी कोकणात नाव सावंतवाडीचे. लेथवर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवली, की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर चढते. मग केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. तेथील गंजिफाही प्रसिद्ध. दशावतारी गंजिफेत १२० गोल पत्ते असतात. ही लोपत चाललेली कला शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात सावरली. मात्र बाजारातील प्रत्येक चकचकीत खेळण्यावर लाख असतेच असे नाही, काहींवर निव्वळ तयार रंगाचा हात असतो.

जपानी ‘उरुशी’ ही लाख नव्हेच; तो एका झाडाचा चीक. गंमत अशी, की तो दमट हवेतच घट्ट होतो. आपली लाख मात्र ओलाव्याने पांढुरकी पडते. फर्निचरचे आजचे लॅकर बहुधा नायट्रोसेल्युलोजचे असते. १९२० च्या दशकात मोटारींमुळे त्याचा प्रसार झाला. पावसाळ्यात मारल्यास तेही धुरकटते. म्हणून नवी मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम टाळावे.

घरातल्या जुन्या कपाटावर काय आहे, हे पाहायचे असल्यास आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा क्षणभर टेकवावा. पॉलिश चिकट होऊन बोळ्याला लागले, तर ते चपडा लाखेचे. अशा कपाटावर गरम चहाचा कप ठेवू नये, पांढरे कडे उमटते.