वर्गमित्र कॉपी करताना दिसला, तर सांगायचं का?

समजा, दहावीचा गणिताचा पेपर चालू आहे. उंब्रज परिसरातलं एखादं परीक्षा केंद्र. पुढच्या बाकावरचा मुलगा हळूच मोज्यातून घडी घातलेली चिठ्ठी काढतो. मायक्रो झेरॉक्स, अक्षर मुंगीएवढं. मागच्या बाकावरच्या मुलीला ते स्पष्ट दिसतं. ती वर्षभर पहाटे उठून गणितं सोडवत आलेली आहे. तिचं दहा मिनिटं पेपरात लक्ष लागत नाही. पेपर सुटतो. एसटी स्टँडवर तो मुलगा आणि ती मुलगी एकाच गाडीची वाट बघत उभे असतात. दोघांचं गाव एक, दोघांच्या घरचा ऊस एकाच कारखान्याला जातो, त्याची आई आणि हिची आई एकाच बचत गटात.

आता तिने हे कुणाला सांगायचं का?

सोशल मीडियावर या प्रश्नाची दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, "सरळ तक्रार करायची, चोर तो चोर." दुसरं, "तुला काय करायचंय? आपला पेपर आपण लिहायचा." दोन्ही उत्तरं सोपी आहेत आणि दोन्ही अर्धवट आहेत. का, ते नीट बघू.

सांगणं एवढं जड का जातं?

मराठीत खरं सांगणाऱ्या मुलासाठी चांगला शब्द सापडायला वेळ लागतो. चुगलखोर, चोंबडा, चहाडखोर हे शब्द मात्र पहिलीपासून तोंडपाठ असतात. त्यामुळे मुलाच्या मनात पक्कं बसलेलं असतं की कॉपी करणारा एक वेळ चालेल, पण नाव सांगणारा नको.

शहरात तक्रार करून मूल दुसऱ्या क्लासला जाऊ शकतं. उंब्रज, मसूर, चाफळ या पट्ट्यात तसं होत नाही. शाळा सुटली तरी गाव सुटत नाही. भावकी, देणंघेणं, यात्रा, लग्नकार्य, सगळं त्याच माणसांबरोबर असतं. तक्रारीची गोष्ट मुलांपुरती न राहता दोन घरांची होते. म्हणून गप्प बसणारं मूल भित्रं आहे असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. ते आपल्या परीने हिशोब करत असतं.

पण त्या हिशोबातल्या काही रकमा त्याला कुणी सांगितलेल्याच नसतात.

"त्याने कॉपी केली, माझं काय बिघडलं?"

वर्गातल्या चाचणीत फार काही बिघडत नाही. तिथे कॉपी करणारा मुख्यतः स्वतःचं नुकसान करतो, कारण त्याला काय येत नाही हे शिक्षकांना कळतच नाही.

बोर्डाच्या परीक्षेत गणित बदलतं. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. पूर्वी हे फक्त मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा ठरावीक शहरांपुरतं होतं. आता कराडच्या कॉलेजात विज्ञान शाखा हवी असली, तरी गुणवत्ता यादीतूनच जावं लागतं. यादीत वर गेलेला प्रत्येक खोटा गुण कुणाला तरी खाली ढकलतो. ज्याला ढकललं जातं, त्याला हे कधीच कळत नाही.

आणि जिथे जागा मोजक्या असतात, तिथे ही किंमत आणखी वाढते. नीट, भरती परीक्षा, टीईटी. राज्यातल्या शिक्षक पात्रता परीक्षेतला घोटाळा २०२१ च्या अखेरीस पुणे पोलिसांनी उघड केला. परीक्षा परिषदेचे तत्कालीन आयुक्तच अटकेत गेले. पुढे २०१९-२० च्या परीक्षेतले साडेसात हजारांहून अधिक उमेदवार गैरप्रकारात सापडल्याचं जाहीर झालं आणि त्यांच्यावर कारवाई झाली. ही परीक्षा होती उद्याच्या शिक्षकांची. म्हणजे ज्यांनी पुढे वर्गात उभं राहून "कॉपी करू नका" म्हणायचं, त्यांचीच.

पकडलं गेलं, तर नेमकं काय होतं?

गप्प बसण्यामागे आणखी एक भीती असते. आपण सांगितलं तर त्याचं आयुष्य बरबाद होईल, ही. म्हणून प्रत्यक्षात काय होतं ते माहीत असलेलं बरं.

सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे राज्य शिक्षण मंडळाच्या कोल्हापूर विभागात येतात. परीक्षा केंद्रावर वर्गात पर्यवेक्षक असतो, त्याच्यावर केंद्र संचालक. बाहेरून येऊन अचानक तपासणी करतं ते भरारी पथक आणि केंद्रावर पूर्ण वेळ थांबतं ते बैठे पथक.

विद्यार्थी गैरमार्ग करताना सापडला, की तिथल्या तिथे शिक्षा ठरत नाही. चिठ्ठी आणि उत्तरपत्रिका ताब्यात घेतली जाते, त्याचा जबाब लिहून घेतला जातो आणि प्रकरण विभागीय मंडळाकडे जातं. तिथे त्याला बाजू मांडता येते. मग मंडळाच्या शिक्षासूचीप्रमाणे निर्णय होतो. गैरप्रकार जसा असेल, तशी शिक्षा कमी-जास्त होते. सौम्य प्रकारात संपादणूक रद्द, गंभीर प्रकारात पुढच्या परीक्षांना बसायलाही बंदी. जानेवारी २०२५ मध्ये कॉपीमुक्तीचा जनजागृती सप्ताह झाला, तेव्हा शाळाशाळांत या शिक्षासूचीचं वाचन करायला सांगितलं होतं आणि मुलांना शपथही देण्यात आली.

याशिवाय कायदा आहे. विद्यापीठ, मंडळ आणि इतर परीक्षांमधल्या गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा कायदा १९८२ चा आहे. तो फक्त कॉपी करणाऱ्या पोरासाठी नाही. प्रश्नपत्रिका बाहेर काढणारा, बाहेरून उत्तरं पुरवणारा, आत मदत करणारा, हे सगळे त्यात येतात.

म्हणजे एका तक्रारीने मुलगा थेट तुरुंगात जातो, असं नाही. पण त्याचं वर्ष जाऊ शकतं. हे वजन खरं आहे आणि सांगणाऱ्याने ते ओळखूनच सांगायला हवं.

चिठ्ठी एकाची, की केंद्राची?

आता सगळ्यात महत्त्वाचा फरक. कॉपी दोन तऱ्हेची असते.

एक, एकट्या मुलाची. घाबरलेला, अभ्यास न झालेला, घरच्यांच्या अपेक्षेखाली दबलेला मुलगा चिठ्ठी घेऊन बसतो.

दुसरी, मोठ्यांनी चालवलेली. पर्यवेक्षकच फळ्यावर उत्तरं लिहितात, खिडकीतून कागद येतात, कुणी घरोघरी पैसे गोळा केलेले असतात. इथे मूल हे साखळीतलं शेवटचं टोक असतं. ३ मार्च २०२३ ला बारावीच्या गणिताच्या पेपरची पानं बुलढाणा जिल्ह्यात परीक्षा सुरू होण्याआधीच मोबाइलवर फिरली. त्या प्रकरणात अटक झालेल्यांमध्ये शिक्षकही होते. २०२४ च्या नीट प्रकरणातही लातूरमधल्या शिक्षकांना अटक झाली.

शासनालाही हा फरक कळलेला दिसतो. २०२५ च्या परीक्षेत मंडळाने असा नियम केला की, ज्या केंद्रांवर २०१८ पासूनच्या परीक्षांत गैरप्रकार आढळले होते, तिथे केंद्र संचालक आणि पर्यवेक्षक दुसऱ्या शाळांतून आणायचे. कोविडची २०२१ आणि २०२२ ही वर्षं त्यातून वगळली होती. सामूहिक कॉपी सापडली, तर केंद्राची मान्यता कायमची रद्द करायचंही ठरलं. म्हणजे मुलांच्या झडत्या घेऊन भागत नाही, मोठ्यांना हलवावं लागतं, हे मान्य झालं.

नांदेडने ते आधीच दाखवलं होतं. २००९-१० च्या सुमारास तिथले जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम चालवली. सगळी यंत्रणा कामाला लावली. पहिल्या फटक्यात जिल्ह्याचा निकाल धाडकन खाली आला. आधीचा निकाल किती पोकळ होता, ते त्या आकड्यांनीच सांगितलं. पुढे हीच पद्धत राज्यभर नेण्यात आली. लक्षात घ्यायची गोष्ट ही, की ती मोहीम प्रशासनाने उभी केली होती. वर्गमित्रांची नावं सांगायचं काम मुलांच्या गळ्यात टाकलेलं नव्हतं.

मुलांवरच जबाबदारी टाकली, तर?

हा प्रयोगही जगात झालेला आहे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात १८९३ मध्ये विद्यार्थ्यांनीच प्रतिष्ठेची आचारसंहिता आणली. परीक्षेत पर्यवेक्षक नको, पण कुणी फसवताना दिसलं तर ते कळवणं हे प्रत्येकाचं कर्तव्य. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत तर फसवणूक करायची नाही, एवढ्यावर भागत नाही. फसवणूक करणाऱ्याला खपवून घ्यायचं नाही, हाही नियमाचाच भाग आहे.

तरीही १९७६ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये वेस्ट पॉइंटला मोठी कॉपी प्रकरणं झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९२१ पासून अशीच संहिता होती. तिथे २०२३ मध्ये परीक्षेला पर्यवेक्षक ठेवून बघायचा निर्णय झाला. शंभर वर्षांची परंपरा असली, तरी मित्राविरुद्ध बोलणं तिथल्या मुलांनाही सोपं जात नाही. उंब्रजच्या पंधरा वर्षांच्या मुलीला ते जड गेलं, तर नवल नाही.

मग सांगायचं कधी, आणि कुणाला?

तीन प्रश्न विचारले की बरंच स्पष्ट होतं. नुकसान कुणाचं होतंय? यात मोठी माणसं किंवा पैसा आहे का? आणि हे पुन्हा होणार आहे का?

वर्गातली चाचणी असेल आणि एकटा मित्र असेल, तर आधी त्याच्याशीच बोलावं. "मी बघितलं. बोर्डात असं करू नकोस, सापडशील. गणित अडतंय तर आपण बसू." बऱ्याच मुलांना कुणी बघितलं एवढं कळलं तरी पुरतं. अशी मैत्री चुगलीपेक्षाही अवघड असते, पण तिचा उपयोग जास्त होतो.

बोर्डाच्या परीक्षेत चिठ्ठ्या चालू असतील, तर विश्वासातल्या एका मोठ्या माणसाला सांगावं. आई-वडील, वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, कुणीही एक. नाव सांगावंसं वाटत नसेल, तर "अमुक खोलीत, अमुक पेपरला चिठ्ठ्या चालतात, लक्ष ठेवा" एवढंही पुरेसं आहे. पुढच्या पेपरला पर्यवेक्षक बदलला किंवा झडती नीट झाली, तर कुणाचं वर्ष न घालवताही कॉपी थांबते.

मोठी माणसं सामील असतील, पैसे मागितले जात असतील, पेपर आधीच फिरत असेल, तर गप्प बसायचं कारण उरत नाही. आणि तिथे शाळेत सांगून उपयोग नसतो, कारण सामील असलेला माणूस शाळेतलाच असू शकतो. पालकांनी विभागीय मंडळ, शिक्षणाधिकारी किंवा पोलीस ठाणं गाठावं. मुलाने पुढे यायची गरज नाही, पालकांनी लेखी कळवावं. खोली, विषय, वेळ, काय दिसलं, एवढंच लिहावं. ऐकीव गोष्टी लिहू नयेत. पुरावा गोळा करणं, चौकशी करणं हे मुलाचं काम नाही. दालनात मोबाइल नेणं तर उलट अंगाशी येईल.

स्पर्धा परीक्षांचं तेच. केंद्राच्या परीक्षांसाठीचा नवा कायदा २१ जून २०२४ पासून लागू झाला. संघटित टोळीला त्यात पाच ते दहा वर्षांची कैद आणि किमान एक कोटी रुपयांचा दंड आहे. त्याचा रोख टोळ्या, दलाल आणि संस्थांवर आहे.

व्हिडिओ टाकणं म्हणजे तक्रार नव्हे

दर फेब्रुवारी-मार्चमध्ये भिंतीवर चढून कॉपी पुरवणाऱ्यांचे व्हिडिओ फिरतात. कुणी एखाद्या मुलाचं नाव, शाळा, फोटो टाकतं. खाली शेकडो कमेंट. न्याय केल्यासारखं वाटतं.

पण तो मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असतो. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलाचं नाव, शाळा, फोटो किंवा ओळख पटेल असा तपशील जाहीर करायला बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार मनाई आहे. मंडळाची शिक्षा ठरावीक मुदतीने संपते. फिरलेल्या फोटोला मुदत नसते, तो मुलगा नोकरीला लागला तरी पाठ सोडत नाही. शिवाय ज्याने चिठ्ठ्यांचे पैसे घेतले, तो मोठा माणूस त्या व्हिडिओत कुठेच नसतो.

म्हणून असा व्हिडिओ हाती आला, तर तो ग्रुपवर न टाकता थेट मंडळाकडे किंवा पोलिसांकडे द्यावा.

शेवटी त्या मुलीचं काय?

उंब्रज ज्या कराड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या काले गावात १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. स्वावलंबी शिक्षण हे तिचं ब्रीद. घरी काही नसलेल्या पोरांनी काम करून, स्वतःच्या जोरावर शिकावं, हा त्यामागचा विचार. या भागातल्या कित्येक घरांचं नशीब दहावीच्या एका खऱ्या निकालाने पालटलेलं आहे. तो निकाल खरा होता, म्हणूनच पालटलं.

एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या त्या मुलीला हे सगळं एकटीने तोलायला लागू नये. पुढच्या पेपराआधी तिने घरी आईला सांगितलं, आईने सरांना नुसतं "त्या खोलीकडे लक्ष द्या" म्हटलं, तरी तिचं काम झालं. पुढचं काम मोठ्यांचं. त्यांनी ते केलं नाही, तर चूक तिची नाही.

आणि पोरीने घरी येऊन सांगितलंच, तर "तुला काय करायचंय" हे वाक्य तेवढं टाळावं. कारण तेच वाक्य ऐकून ती पुढच्या वेळी गप्प बसायला शिकेल. तेव्हा विषय कॉपीचाच असेल असं नाही.