पिस्तुलाचं ‘पॉइंट ३२’ म्हणजे नेमकं काय? बोअर, मॅगझीन आणि काडतुसांची मर्यादा सोप्या भाषेत

पाटोद्यात असा, बीडमध्ये असा नाहीतर पुण्यात रूमवर असा, इन्स्टा उघडलं की दोन-चार रील्सनंतर एखादा ‘भाऊ’ कमरेला पिस्तूल लावून स्लो मोशनमध्ये गाडीतून उतरताना दिसतोच. खाली कमेंटमध्ये वाद रंगलेला असतो. कोणी म्हणतं नाइन एमएम आहे, कोणी म्हणतं पॉइंट ३२ आहे, कोणी सांगतं यात पंधरा गोळ्या बसतात. यातल्या बऱ्याच गोष्टी गेम खेळून आणि वेब सिरीज बघून आलेल्या असतात. खरं चित्र वेगळं आहे. ते कळलं तर रील बघताना फसणार नाही आणि पुढे अडकणारही नाही.

बोअर म्हणजे काय?

नळीच्या आतल्या भोकाची रुंदी म्हणजे बोअर किंवा कॅलिबर. ‘पॉइंट ३२’ म्हणजे ०.३२ इंच, साधारण ८ मिलिमीटर. ‘पॉइंट २२’ म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. नाइन एमएम म्हणजे ९ मिलिमीटर.

आता गंमत बघा. .३२ आणि नाइन एमएममध्ये फरक जेमतेम एका मिलिमीटरचा, पण नाइन एमएमच्या गोळीची ऊर्जा .३२ च्या साधारण तिप्पट असते. कारण ताकद फक्त रुंदीवर ठरत नाही. गोळीचं वजन किती, मागे दारू किती आणि वेग किती, यावर ती ठरते. फोनच्या कॅमेऱ्यासारखंच आहे हे. नुसते मेगापिक्सेल बघून फोटो कसा येईल ते कळत नाही.

भारतात नाइन एमएम का मिळत नाही?

आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि आत्ताचे नियम २०१६ चे. त्यात हत्यारांचे दोन मोठे गट पडतात: प्रतिबंधित बोअर आणि अप्रतिबंधित बोअर. परवान्याच्या कामात लोक त्यांना ‘पीबी’ आणि ‘एनपीबी’ म्हणतात.

नियमाचं सूत्र साधं आहे. लष्कर आणि पोलीस जी काडतुसं वापरतात, ती ज्या पिस्तुलात किंवा रिव्हॉल्वरमध्ये बसून उडू शकतात, ते हत्यार प्रतिबंधित. नाइन एमएम त्यातच येतं. जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी, सामान्य माणसाला परवाना देतात तो एनपीबीचा. म्हणून कायदेशीर पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर म्हटलं की आपल्याकडे बहुतेक वेळा ते .३२ चं असतं, नाहीतर .२२ चं.

म्हणजे रीलमधला माणूस ‘ओरिजिनल नाइन एमएम’ म्हणत असेल, तर दोनच शक्यता उरतात: तो फेकतोय किंवा मोठ्या गुन्ह्याचा पुरावा स्वतःच अपलोड करतोय. प्रतिबंधित हत्यार बेकायदा बाळगलं तर शिक्षा किमान ७ वर्षं आहे आणि ती १४ वर्षांपर्यंत जाऊ शकते.

मॅगझीनमध्ये किती गोळ्या?

अमेरिकेत काही राज्यांनी थेट मॅगझीनवरच मर्यादा घातली आहे. कॅलिफोर्नियात एका मॅगझीनला १० गोळ्यांची मर्यादा आहे. १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं तर ही दहाची मर्यादा तिथे देशभर होती. त्यामुळे तिकडचे यूट्यूबवाले ‘दहाच गोळ्या मिळणार असतील तर कुठलं कॅलिबर घ्यावं’ यावर तासभर बोलतात.

आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. कायदा आधी बोअर ठरवतो आणि गोळ्यांचा आकडा त्यामागून आपोआप लहान होतो. कानपूरला बनणाऱ्या .३२ रिव्हॉल्वरच्या फिरत्या चकरीत ६ काडतुसं बसतात. २०२३ मध्ये आलेलं ‘प्रबल’ हेही कानपूरचंच .३२ रिव्हॉल्वर. .३२ च्या देशी पिस्तुलाच्या मॅगझीनमध्ये ७ ते ८ बसतात. सतरा-अठरा गोळ्यांची मॅगझीन गेममध्ये ठीक, परवान्यावर नाही.

दुसरी मर्यादा परवान्यावरच लिहिलेली असते: एका वेळी जवळ किती काडतुसं ठेवता येतील आणि वर्षभरात किती विकत घेता येतील. परवानाधारक दुकानातून घेतलेल्या काडतुसांची नोंद होते. ‘संपली, अजून दोन डबे द्या’ असं इथे चालत नाही.

रिव्हॉल्वर की पिस्तूल?

परवाना मिळालेल्या माणसासमोर खरी निवड एवढीच उरते.

- रिव्हॉल्वर: ६ गोळ्या, रचना साधी. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा ट्रिगर ओढला की पुढचं समोर येतं. चकरी उघडली की आत किती गोळ्या आहेत ते डोळ्यांना दिसतं.
- पिस्तूल: चपटं, एक-दोन गोळ्या जास्त, मॅगझीन पटकन बदलता येतं. पण सवय आणि सराव जास्त लागतो. काडतूस अडकलं तर ते सोडवता आलं पाहिजे.

पिस्तुलाचा सगळ्यात मोठा धोकाही इथेच आहे. मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. एक गोळी आधीच नळीच्या मागच्या खोबणीत, म्हणजे चेंबरमध्ये, बसलेली असू शकते. ‘रिकामं आहे रे’ म्हणत मित्रावर रोखलेलं पिस्तूल उडतं ते त्यामुळे.

रिव्हॉल्वरही निर्धोक नाही. १ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईत अभिनेता गोविंदा यांच्या हातून त्यांचं परवान्याचं रिव्हॉल्वर निसटलं आणि गोळी त्यांच्याच पायात घुसली. परवाना होता, भांडण नव्हतं, समोर कोणी नव्हतं. तरी गोळी लागलीच.

.३२ चं काडतूस घेतलं, मग बसत का नाही?

टाइप-सी आणि जुन्या मायक्रो यूएसबीचा घोळ आठवतो? दोन्ही चार्जरच, पण एकाची पिन दुसऱ्याला चालत नाही. इथेही तसंच आहे. ‘.३२’ नावाची दोन वेगळी काडतुसं आपल्याकडे चालतात.

- रिव्हॉल्वरचं काडतूस लांब असतं. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, त्या कडेवर ते चकरीत अडकून राहतं. गोळी जड, वेग कमी.
- पिस्तुलाचं काडतूस आखूड असतं. कड जवळजवळ नसल्यासारखी, म्हणजे मॅगझीनमध्ये एकावर एक नीट सरकतं. गोळी हलकी, वेग जास्त.

एकाचं दुसऱ्यात वापरायचं नसतं. नळीवर जे कोरलेलं असतं, तेच काडतूस घ्यायचं. काडतुसाचं बूड पाहिलं तर भारतीय बनावटीच्या अनेकांवर इंग्रजीत ‘केएफ’ कोरलेलं दिसतं. ती खूण पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याची आहे. १८६९ पासून चालू असलेला हा कारखाना आपल्या महाराष्ट्रातच आहे.

गावठी कट्ट्याचं तर बोलायलाच नको. त्याची नळी कुठल्या कारखान्यात तपासलेली नसते, त्यामुळे तो चालवणाऱ्याच्याच हातात फुटू शकतो.

परवाना कसा मिळतो?

अर्ज एनडीएएल-एएलआयएस या केंद्राच्या पोर्टलवरून होतो. मग पोलीस ठाण्याचा चौकशी अहवाल जातो आणि निर्णय जिल्हा दंडाधिकारी घेतात. अर्जदाराचं वय किमान २१ लागतं. प्रत्येक परवानाधारकाला एक युनिक नंबर मिळतो. तुमच्या फोनला जसा आयएमईआय, तसंच समजा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन चालायची. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं झाली.

रानडुकरं पिकात घुसतात म्हणून परवाना हवा, असं आपल्या डोंगरपट्ट्यात बरेच जण म्हणतात. पण पीकसंरक्षणासाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे, ती ठासणीच्या बंदुकीची. त्या कारणासाठी पिस्तूल मिळत नाही आणि रात्री बाजरीत ते कामालाही येत नाही.

बीडच्या पोरांनी हे का समजून घ्यायचं?

९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर बीडच्या गुन्हेगारीची राज्यभर चर्चा झाली. जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्रपरवाने असल्याचा आकडाही समोर आला. परवान्यांची फेरतपासणी सुरू झाली, अनेक परवाने रद्द झाले. हत्यारासोबतचे व्हिडिओ टाकणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले.

म्हणून एवढं लक्षात ठेवा:

- परवाना माणसाच्या नावावर असतो. काकांचं पिस्तूल आहे म्हणून ते तुम्हाला मिरवता येत नाही.
- परवाना असला तरी सार्वजनिक ठिकाणी हत्यार उघडं मिरवायला बंदी आहे. ते झाकूनच न्यावं लागतं.
- लग्नात, वरातीत, वाढदिवसाला हवेत गोळीबार करून कोणाच्या जिवाला धोका केला तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.
- विनापरवाना साधं हत्यार सापडलं तरी किमान २ वर्षं, कमाल ५ वर्षं.
- टेलिग्रामवर ‘पिस्तूल होम डिलिव्हरी’ची जाहिरात दिसली तर पैसे पाठवू नका. पिस्तूल परवान्याशिवाय कायद्याने घेताच येत नाही. ती जाहिरात एकतर फसवणूक असते नाहीतर गुन्हा.

पाटोद्यात पहाटे रस्त्याने पळणारी कितीतरी पोरं पोलीस भरतीची, सैन्य भरतीची तयारी करतात. भरतीत चारित्र्य पडताळणी होते. रील तुम्ही डिलीट कराल, पण कोणीतरी काढलेला स्क्रीनशॉट आणि दाखल झालेला एफआयआर डिलीट होत नाही. पंधरा सेकंदांच्या व्हिडिओसाठी दोन वर्षांचा सराव पाण्यात जाऊ शकतो.

नेमबाजीची खरंच आवड असेल तर?

मग रस्ता सरळ आहे. .१७७ बोअरच्या, २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तूल किंवा एअर रायफलला परवाना लागत नाही. ऑलिंपिकमधल्या १० मीटर स्पर्धा याच बोअरवर होतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, ते .२२ च्या पिस्तुलाने. तिथे एका फेरीत पाचच गोळ्या मिळतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं, तेही .२२ च्याच रायफलने.

कमेंटमध्ये ज्याला ‘छोटं बोअर’ म्हणून हसतात, त्याच बोअरवर आपल्या पोरा-पोरींनी पदकं आणली आहेत. त्यांचे व्हिडिओ खुशाल शेअर करा, त्यासाठी पोलीस दारात येणार नाहीत.